चौकट

मी पुराच्या पातळ्या शोधायला गेले होते.
महापालिकेला नकाशावर निळी रेषा हवी होती,
आमच्या कंत्राटदाराला मार्चच्या आत बिल.
जुन्या साप्ताहिकात सेंटिमीटर नसतात.
‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेस लागले.’
‘छातीस आले. पेठेत होडी फिरली.’
देवाच्या अंगावर मोजलेली गोदावरी
मी मीटरमध्ये उतरवून घेत होते.

शिरसाठमामा बांधीव अंक आणायचे
ओल्या बाळंतिणीला उठवावं तसे, दोन्ही हातांनी.
बोट ओलं करून पान उलटू नका मॅडम, म्हणायचे,
या कागदाला आता थेंबाचीही भीती वाटते.

पण डोळा पुरावर राहीना.
‘रामकुंडावर एक कवळी सापडली आहे.
मालकाने ओळख पटवून घेऊन जावी.’
कशी पटवायची? हसून?
‘ट्रामचा पांढरा घोडा वाटेत बसला तो उठेना.
उतारू स्टेशनापर्यंत चालत गेले.
भाडे परत मिळणार नाही.’
एका अंकात गुळाचे भाव उलटे छापलेत
आणि पुढच्या अंकात कुणाचीही तक्रार नाही.

मग १९०९चा आषाढ, तिसरं पान, तळाशी:
‘मागील अंकी तांबट लेनमधील रा. रा. केरोबा वडनेरे
वारल्याचे छापले गेले.
सदर गृहस्थ काल कचेरीत समक्ष येऊन गेले.
दिलगीर आहोत.’

समक्ष येऊन गेले.
कसे आले असतील? ठोक्याची हातोडी तशीच हातात?
की तोच अंक, घडी घालून,
आपल्या मरणावर बोट ठेवून,
हे कोणी लिहिलं, एवढंच विचारत?

पुराची वही मी तिथे मिटली.

त्या दिवाळीला जाहिरातींच्या पानावर
चार रेघांची चौकट:
‘केरोबा वडनेरे. तांब्यापितळेची भांडी. हयात.’
पुढल्या दिवाळीलाही. हयात.
प्लेगात गाव माळावरच्या झोपड्यांत गेलं, तेव्हा
‘हयात. दुकान बंद.’
लढाईत तांबं कडाडलं, तेव्हा
‘हयात. भाव विचारू नये.’
इन्फ्लुएंझाच्या साली भांडी नाहीत, पत्ता नाही,
नाव आणि तो एक शब्द,
वर, खाली, दोन्ही बाजूंना
काळ्या किनारीच्या मजकुरांत दाटून बसलेला,
भरल्या ट्राममध्ये शेवटची जागा मिळाल्यासारखा.

मी दिवाळ्याच काढत गेले. मधले महिने सोडून.
मामांनी हे पाहिलं, आणि पुढचे गठ्ठे
न विचारता आश्विनापासून उघडून ठेवले.

१९२३. चौकट आहे.
आत काही नाही.

पान उजेडाला धरलं.
मागच्या केशतेलाची अक्षरं उलटी दिसली, तेवढीच.
खिळे गळून पडले? जुळाऱ्याला डुलकी लागली?
वर्षभराच्या निधनवार्ता चाळल्या, मागच्या, पुढच्या.
नाव नाही.
एकदा पोळलेल्या संपादकाला
दुसऱ्यांदा धीर झाला नसेल.
शिरसाठमामा चष्मा पुसत म्हणाले,
‘जागेचे पैसे आधीच भरलेले असतील.’

अहवाल वेळेत गेला. निळी रेषा
कुणाच्या पार्किंगमधून जाते म्हणून सध्या वाद चालू आहे.

परवा तांबट लेनमधून आले.
एक-दोन ठोके अजून ऐकू येतात,
बाकी स्टील, आणि मोबाइलची कव्हरं.
एका गल्ल्यावर विचारलं, वडनेरे इथेच ना?
मुलानं मान वर न करता विचारलं, कोणते?

‘काल समक्ष येऊन गेले ते,’
असं अगदी ओठांवर आलं होतं.